पिल्लं अंगाखाली गेली, पण सुरुवात गारठ्यानं झाली

प्रश्न : आमची शेती चंदगड तालुक्यात आहे. काजूच्या बागेला लागून पत्र्याची शेड बांधली आणि गेल्या वर्षी लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या तीन माद्या आणि एक नर आणला. डिसेंबरअखेरीस दोन माद्या आठवड्याच्या अंतरानं पहिल्यांदा व्याल्या. एकीला ११ पिल्लं झाली, दुसरीला ९. तीन दिवसांत त्यातली १० गेली. दोन-तीन जन्मतःच मेलेली असावीत, बाकीची पहाटे आईच्या अंगाखाली सापडली. शेडमध्ये रात्रभर ९ वॅटचा बल्ब चालू असतो, कोब्यावर गोणपाट टाकलेलं असतं. दुकानदारानं लिव्हर टॉनिक आणि एक पावडर दिली, फरक पडला नाही. शेजारी म्हणतात, ‘ही डुकरीण पिल्लं मारणारी आहे, विकून टाका.’ माद्यांना भाताचा कोंडा आणि हॉटेलचं खरकटं घालतो. तिसरी मादी २० ऑक्टोबरला भरवली आहे. तिच्या पिल्लांना पहिल्या दिवशी कोणतं इंजेक्शन द्यावं? आणि पिल्लं रात्री वेगळी ठेवून गाईचं दूध बाटलीनं पाजलं तर चालेल का?
– एक शेतकरी भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. ९ वॅटचा बल्ब. म्हणजे तो एलईडी आहे. घरात पूर्वी असायचा तो ६०-१०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त द्यायचा. कोंबडीची पिल्लं, करडं, डुकराची पिल्लं सगळी त्याच्याखाली वाढली. एलईडी आले, विजेचं बिल उतरलं, पण ‘बल्ब लावला म्हणजे ऊब झाली’ हा हिशेब आपल्या डोक्यात तसाच राहिला. तुमच्या शेडमध्ये रात्रभर उजेड होता. ऊब नव्हती.

पहिल्या दिवशी द्यायचं, पिल्लं वाचवणारं इंजेक्शन नाही. टॉनिकही नाही. एक इंजेक्शन लागतं, पण ते तिसऱ्या दिवशी, आणि ते ज्यासाठी असतं त्यानं तुमची पिल्लं गेलेली नाहीत. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी ती कशानं गेली ते बघू, कारण मादी विकायची की नाही याचं उत्तरही त्यातच आहे.

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. वजनाच्या फार तर एक-दोन टक्के. केस विरळ, अंग ओलं, वजन जेमतेम सव्वा किलो. माणसाच्या बाळात किंवा कोकरात जन्मतः एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून अंग तापतं. डुकराच्या पिल्लात ती नसते. आईच्या पोटात ते ३९ अंशांत असतं. बाहेर आल्यावर त्याला ३२ ते ३४ अंशांची जागा हवी. आईचं मात्र उलट आहे, तिला १८ ते २२ अंशांत बरं वाटतं, त्याहून जास्त झालं की ती धापा टाकते आणि खाणं सोडते. एकाच खणात दोन हवामानं लागतात. म्हणून सगळी शेड तापवायच्या भानगडीत पडू नका, तेवढी वीजही परवडायची नाही. पिल्लांचा कोपरा तेवढा तापवायचा.

आता तुमच्या शेडमधली डिसेंबरची ती रात्र बघा. पिल्लू ओलं, खाली कोबा, कोब्यावरचं गोणपाट पहिल्या तासातच लघवी आणि वारेच्या पाण्यानं भिजलेलं. अर्ध्या तासात त्याच्या अंगाचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. गारठलेलं पिल्लू सडापर्यंत उशिरा पोचतं, पोचलं तरी नेट लावून ओढत नाही. चीक पोटात गेला नाही की अंगातली शिल्लक साखर दिवसभरात संपते आणि ते आणखी गार पडतं. मग ते शेडमधली सगळ्यात उबदार जागा शोधतं, म्हणजे आईचं पोट, आणि तिथेच चिकटून पडून राहतं. धडधाकट पिल्लू आई बसायला लागली की किंचाळून बाजूला होतं. हे होत नाही. पहाटे तुम्हाला ते अंगाखाली सापडतं आणि आपण म्हणतो चेंगरून मेलं. चेंगरलं हे खरंच, पण ते मरायला लागलं होतं त्याच्या कितीतरी तास आधी.

हे मी अंदाजानं म्हणत नाही, तुम्हाला पडताळून पाहता येईल. पुन्हा एखादं पिल्लू गेलं तर लगेच पुरू नका. हातमोजे घालून आधी त्याचे खूर बघा. जन्मलेल्या पिल्लाच्या खुराच्या तळाशी मऊ, पिवळसर, रबरासारखे पदर लोंबत असतात. आईच्या पोटात तिला खुरांनी इजा होऊ नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. पिल्लू चार पावलं चाललं की ते झिजायला लागतात. पदर शाबूत आणि स्वच्छ असतील तर ते पिल्लू चाललंच नाही, पोटातच किंवा विताना गेलं. मग पशुवैद्यकांना पोट उघडून बघायला सांगा. जठरात दह्यासारखं साकळलेलं दूध असेल तर प्यायलेलं, चांगलं पिल्लू अपघातानं सापडलं. जठर रिकामं असेल तर ते उपाशी होतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला आणि बुडाला तर त्या पिल्लानं श्वासच घेतला नव्हता, तरंगला तर घेतला होता. दहा मिनिटांचं काम आहे. तुमची ‘जन्मतः मेलेली’ दोन-तीन आणि ‘चेंगरलेली’ बाकीची यांचा निवाडा यानं झाला असता, आणि दुकानदाराच्या पावडरीचे पैसेही वाचले असते. बघून झालं की खोल खड्डा, वर चुना. कुत्र्यांना ओढू देऊ नका.

तर पहिलं काम पिल्लांसाठी उबेच्या पेटीचं. तिसरीची तारीख आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. डुकरीण ११४ दिवसांनी विते, जुने लोक तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं धरतात. २० ऑक्टोबरपासून मोजलं की ११ फेब्रुवारी येते, दोन-तीन दिवस मागेपुढे. तोवर एक लाकडी पेटी करून घ्या, साधारण चार फूट बाय दोन फूट, दोन फूट उंच. काजूच्या खोक्यांच्या फळ्याही चालतील. एका बाजूला पिल्लू सहज जाईल पण आईचं तोंड शिरणार नाही एवढी, वीतभराहून थोडी मोठी खिडकी. वरून झाकण, त्यात बल्बासाठी भोक. खाली कोब्यावर फळी आणि फळीवर चार बोटं बारीक केलेलं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा. ते तुमच्याकडे मुबलक असणार. गोणपाट मात्र काढून टाका. ओलं गोणपाट कोब्याहून गार लागतं आणि पिल्लाचे पाय त्यात अडकतात.

पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात इन्फ्रारेड बल्ब मिळतो, १५० ते २५० वॅटचा. तो पिल्लांच्या पाठीपासून दीड ते दोन फूट उंच, साखळीनं टांगा. वायरीवर टांगू नका. वायर उंदीर कुरतडतात, बल्ब पिंजरावर पडतो आणि शेडच पेटते. अशा आगी लागतात. साखळीचा दुसरा फायदा असा की उंची कमीजास्त करता येते. थर्मामीटर असेल तर पहिले दोन-तीन दिवस पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश ठेवा, मग दर आठवड्याला दोनेक अंश उतरवत न्या. नसेल तर पिल्लंच सांगतात. एकावर एक ढीग करून थरथरत असतील तर बल्ब खाली घ्या. पेटीच्या कडांना पांगून तोंडं बाहेर काढून पडली असतील तर वर घ्या. कुशीवर, एकमेकांना जेमतेम खेटून, पाय पसरून झोपली असतील तर हात लावू नका.

वीज जाते हे धरूनच चला. दोन-दोन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळून पेटीत पिंजराखाली ठेवायच्या, झाकणावर पोतं टाकायचं. दोन-तीन तास निघतात. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये आणू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं पिल्लांच्या आधी राखणीला बसलेल्या माणसाचा जीव जाईल.

दुसरं काम भिंतीचं, आणि ते स्वस्त आहे. मादी बसते ती भिंतीला पाठ घासत खाली सरकते. भिंत आणि पाठ यांच्यात जे पिल्लू असेल ते गेलं. म्हणून विण्याच्या खणात भिंतीलगत आडवा लोखंडी पाइप बसवायचा, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून वीतभर पुढे. २० ते २५ सेंटीमीटर. आई पाइपाला टेकते, पिल्लू पाइपामागच्या सांदीतून निसटतं. गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात करून देईल. मोठ्या फार्मवर मादीला वळताच येणार नाही असा पिंजरा असतो, त्यात चेंगरणं कमी होतं. पण तीन माद्यांसाठी तो खर्च मी सांगणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतही नाही. पाइप, पेटी आणि पहिले तीन दिवस जागा माणूस एवढ्यानं तुमचं काम भागेल.

आता विण्याची रात्र. मादीला आठवडाभर आधी धुऊन, वाळवून, चुना मारलेल्या खणात आणा. तिचंही अंग आणि कास कोमट पाणी-साबणानं धुवा. जंताचं औषध त्याच्याही आठवडाभर आधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं झालेलं असावं. शेवटच्या तीन-चार दिवसांत खुराक थोडा कमी करून गव्हाचा कोंडा वाढवा, पोट साफ राहिलं पाहिजे. ती पिंजर तोंडानं ओढून घरटं करायला लागली आणि सड पिळल्यावर दुधाची धार आली, की बहुतेक त्याच दिवसा-रात्रीत विणार. पेटीतला बल्ब तेव्हाच लावून ठेवा. पिल्लं आल्यावर पेटी तापवायला घेतली तर उशीर झालेला असतो.

पिल्लं साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरानं येतात, सगळं तीन-चार तासांत आटोपतं. प्रत्येकाच्या तोंडा-नाकावरचा पडदा काढायचा, कोरड्या सुती फडक्यानं खसाखसा पुसायचं, नाळ लांब असेल तर दोन-तीन सेंटीमीटरवर दोऱ्यानं बांधून पुढची कापायची, टोक टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवायचं आणि पिल्लू थेट सडाला लावायचं. मादी जोर करतेय आणि पाऊण तास-तासभर पुढचं पिल्लू येत नाही, असं झालं की डॉक्टरांना फोन. राज्यात १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला बोलावता येतं, तो नंबरही भिंतीवर तारखेशेजारी लिहा. एक गोष्ट निक्षून सांगतो. दुकानात ‘पिल्लं पटापट पडायचं’ इंजेक्शन मिळतं, म्हणजे ऑक्सिटोसिन, ते स्वतः टोचू नका. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर त्या कळांनी गर्भाशय फाटू शकतं आणि अडकलेल्याच्या मागची पिल्लं पोटातच गुदमरतात. तुमच्या पहिल्या दोघींना ते टोचलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टोचलं असेल तर जन्मतः मेलेल्या त्या पिल्लांचं एक कारण तेही असू शकेल.

चिकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुधाचा तुमचा प्रश्न त्यातूनच सुटतो. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी द्रव्यं आईच्या पोटातच वारेतून मिळतात. डुकरिणीची वार तशी नाही, तिच्यातून ही द्रव्यं पलीकडे जात नाहीत. पिल्लू या बाबतीत अगदी रिकाम्या हातानं जन्मतं आणि जे मिळायचं ते चिकातूनच. पिल्लाचं आतडं ती द्रव्यं पहिले २४ तास, फार तर थोडं जास्त, जशीच्या तशी रक्तात घेतं, मग ते दार बंद होतं. आणि आईच्या चिकातलं त्यांचं प्रमाणही विल्यापासून तासातासानं उतरत जातं. पहिले सहा तास सोन्याचे. प्रत्येक पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवसात २००-२५० मिली चीक जायला हवा. ११ पिल्लांत चार दांडगी सगळे चांगले सड धरून बसतात आणि बारकी मागे पडतात. त्यावर उपाय सोपा आहे. पोट भरलेल्या दांडग्यांना तास-दीड तास पेटीत कोंडून ठेवा आणि बारक्यांना मोकळं रान द्या. पहिल्या दिवशी असं दोन-तीनदा करा. पुढचे सड जास्त दूध देतात, दांडगी पिल्लं तेच हेरतात. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा सड ठरतो आणि मग दूध तुटेपर्यंत ते तोच धरतं.

मादी वितानाच तिच्या सडातून चीक हातानं सहज निघतो. स्वच्छ वाटीत ५०-१०० मिली काढून ठेवा. एखादं पिल्लू गार, मलूल सापडलं तर तोंडात हे लगेच ओतू नका. गार पिल्लाला गिळता येत नाही, ते फुप्फुसात जातं. आधी हाताला सोसेल अशा गरम पाण्याच्या बादलीत, साधारण ४० अंश, त्याला मानेपर्यंत धरा. दहा-पंधरा मिनिटांत ते पाय मारायला लागतं. खडखडीत पुसा, पेटीत ठेवा, आणि तोंडात बोट घातल्यावर ओढायला लागलं की बिनसुईच्या सिरिंजनं तो चीक कोमट करून थोडा थोडा द्या, एका वेळी १०-१५ मिली. मेलेलं समजून बाजूला ठेवलेलं पिल्लू या बादलीतून उठून सडाला लागताना बघितलं की बादलीवरचा तुमचा विश्वास बसेल.

गाईच्या दुधाचं असं आहे. ताज्या व्यालेल्या गाईचा चीक असेल तर अडीनडीला तो चालतो, काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरा. साधं गाईचं दूध डुकरिणीच्या दुधापेक्षा पातळ. तिच्या दुधात चरबी सात-आठ टक्के, गाईच्यात चारच्या आसपास. ते आईविना राहिलेल्या पिल्लासाठी नाइलाजानं पाजायचं, तेही कोमट आणि दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं. आई शेजारी असताना नाही.

आणि रात्री वेगळी ठेवण्याचा विचार तर सोडूनच द्या. गाय-म्हशीसारखं सकाळ-संध्याकाळ हे गणित इथे नाही. डुकरिणीच्या सडात दूध साठून राहत नाही. ती कुशीवर पडते, हळूहळू हुंकार द्यायला लागते, पिल्लं कास ढोसतात, हुंकार भरभर होतात आणि मग दूध उतरतं ते जेमतेम वीस सेकंद. की संपलं. असं दर पाऊण-एक तासानं, दिवस-रात्र. एका रात्रीत सात-आठ पाजणी हुकल्या की पिल्लं उपाशी आणि आईची कास दगड. वेगळं ठेवायचं ते फक्त आई खायला उठते तेव्हा. ती उठते, खाते, पाणी पिते आणि पुन्हा बसते, सगळ्यात जास्त पिल्लं त्या बसण्यात जातात. तेव्हा खुराक घालायच्या आधी पिल्लं पेटीत घालून खिडकी बंद करा, ती खाऊन नीट आडवी झाली की उघडा. पहिले तीन दिवस एवढं पाळा. पिल्लांनाही पेटीची सवय लागते आणि पिऊन झालं की ती आपणहून तिथे जाऊन झोपतात. पेटीचं खरं काम तेच, झोपायच्या वेळी पिल्लांना आईपासून लांब नेणं.

आता इंजेक्शन. ते लोहाचं. पिल्लाच्या अंगात जन्मतः सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असतं, त्याला रोज सात-आठ लागतं आणि आईच्या दुधातून जेमतेम एक मिळतं. आठवड्याभरात शिल्लक संपते. मग दहा-पंधरा दिवसांची पिल्लं पांढरीफटक पडतात, धापा टाकतात, कधी गुबगुबीत दिसणारं पिल्लूच अचानक जातं. गावठी डुकरांत हे फारसं दिसत नाही, कारण त्यांची पिल्लं पहिल्या दिवसापासून मातीत तोंड घालतात, आणि तुमच्याकडची तांबडी माती तर लोहानं भरलेली. तुम्ही कोबा केलात, स्वच्छता आली, पण मातीतलं लोह गेलं. म्हणून तिसऱ्या दिवशी आयर्न डेक्स्ट्रान, मानेच्या स्नायूत, मांडीत नाही. मात्रा बाटलीवरच्या ताकदीप्रमाणे बदलते, तेव्हा ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. पहिल्या वेळी त्यांच्याकडून टोचून घ्या आणि हात बघून ठेवा. डोस कमी ताकदीचा असेल तर दोन आठवड्यांच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो, तेही तेव्हाच विचारा.

दात कापायचे का, शेपूट छाटायचं का, असं कोणीतरी विचारेलच. आईच्या सडांवर किंवा पिल्लांच्या गालांवर जखमा दिसल्या तरच दातांची टोकं तेवढी घासा, मुळापासून तोडू नका. शेपटाला हात लावायची तुम्हाला गरज नाही. नरांचं खच्चीकरण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांकडून.

हगवण लागली तर पेटीतलं पिंजर बदला, पिल्लांना ओआरएस पाजा आणि कितव्या दिवशी लागली ते टिपा. पहिल्या चार-पाच दिवसांतली पाण्यासारखी हगवण बहुधा जिवाणूंची असते आणि ती तासांत जीव घेते. आठवड्यानंतरची पिवळट, लोण्यासारखी हगवण अनेकदा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची असते आणि तिला साधी प्रतिजैविकं लागू पडत नाहीत. डॉक्टरांना दिवस सांगितलात तर त्यांचं निम्मं काम होतं.

आईकडेही बघा. ती पोटावर दाबून पडते, पिल्लांना कास देत नाही, खात नाही, कास गरम आणि कडक लागते, असं दिसलं तर ताप मोजा. ४० अंशांच्या वर गेला असेल तर तो कासेचा किंवा गर्भाशयाचा आजार आहे आणि त्याच दिवशी उपचार हवेत. पिल्लं ओरडत फिरताहेत याचा अर्थ दूध नाही. दूध हवं तर पाणी हवं. पाजणाऱ्या मादीला दिवसाला २०-३० लिटर सहज लागतं. कोंडा आणि खरकटं यावर दहा पिल्लांचं दूध निघत नाही. तिला मका, पेंड, खनिज मिश्रण असा खुराक द्या, तिच्यासाठी दोन-अडीच किलो आणि वर प्रत्येक पिल्लामागे पाव किलो, विल्यावर आठवडाभरात हळूहळू चढवत.

खरकट्याबद्दल स्पष्ट बोलतो. २०२० साली आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग देशात पहिल्यांदा सापडला. त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे लस नाही. लागण झालेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा उष्ट्यातून शेडमध्ये आला तर पिल्लांची चर्चाच उरत नाही. तुमच्या भागातून गोव्याला डुकरं जातात, तिकडची वाहनं आणि माणसं इकडे येतात. खरकटं पूर्णपणे बंद करा. ते जमेपर्यंत अर्धा तास तरी खळखळ उकळल्याशिवाय घालू नका, आणि व्यापाऱ्याला शेडच्या आत घेऊ नका, सौदा रस्त्यावर करा.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं. पिल्लं खरोखर चावून मारणाऱ्या माद्या असतात, विशेषतः पहिलटकरणी. घाबरलेली, दुखत असलेली मादी विताना समोर आलेल्या पिल्लाला तोंड मारते. अशीला सगळी पिल्लं होईपर्यंत तिच्या तोंडासमोर पिल्लू जाऊ द्यायचं नाही, पेटीत ठेवायचं, आणि वार पडून ती शांत झाली की सगळी एकदम लावायची. बहुतेक स्वीकारतात. पण तुमच्या मेलेल्या पिल्लांवर चाव्याच्या खुणा होत्या असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. या दोघी मारकुट्या आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांना कोणी गार, ओली, उपाशी पिल्लं घेऊन झोपायला लावलं होतं.

तेव्हा विकू नका. फक्त एक विचारून घ्या, त्या पहिल्यांदा भरवल्या तेव्हा त्यांचं वय आणि वजन काय होतं? आठ महिन्यांच्या आत, शंभर किलोच्या बऱ्याच खाली असताना भरवल्या असतील तर पिल्लं लहानच होणार. एक किलोच्या खालचं पिल्लू जगवणं कठीण असतं. या वेळी ताणकाटा आणि एक कापडी पिशवी आणून जन्माचं वजन वहीत लिहा, खाली किती जगली ते लिहा. वाचलेली पिल्लं आईच्या दुधावरून तोडली की आठवडाभरात त्या पुन्हा माजावर येतील. तोवर फार रोडावल्या असतील तर तो माज सोडून पुढच्याला भरवा. दुसरं वेत पेटीसकट, पाइपासकट होऊ द्या. त्यातही एकीनं पिल्लांवर बसायचं सोडलं नाही, तर तिला खुशाल बाजार दाखवा आणि तिची पिल्लं मात्र पैदाशीला ठेवू नका.